सात वकिलांचा तुलनात्मक तक्ता

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात साधा झाडू घ्यायचा असला तरी तीन कोटेशनं लागतात, आणि तीही बंद पाकिटात. हा नियम कुणी केला ते कुणालाच माहीत नाही, पण तो पाळतो कोण हे सगळ्यांना माहीत होतं. खरेदी विभागाचा हेडक्लार्क. बावीस वर्षांत या माणसाने पाइप, नळ, टेबलं, टाचण्या, उंदीर मारायचं औषध, यातलं काहीही तीन पाकिटांशिवाय घेतलं नव्हतं. पाकिटं आली की फोडायची, मोठ्या कागदावर रकाने आखायचे, कोण काय देतो ते उभं-आडवं मांडायचं, शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा आणि खाली लिहायचं, 'वरील तक्त्यावरून अमुक यांची शिफारस करण्यात येत आहे.' याला तुलनात्मक तक्ता म्हणतात. जगातली एवढी एकच गोष्ट हेडक्लार्कला उत्तम येत होती. एकच गोष्ट उत्तम येणारा माणूस घरात किती धोकादायक असतो, ते त्याच्या बायकोला विचारा.

घरातही तेच. फ्रीज तक्त्यावरून आला, मिक्सर तक्त्यावरून आला, बारकीची शाळा तक्त्यावरून ठरली. बारकी म्हणजे त्याची मुलगी, वय वर्षं नऊ. ती इतकी तयार झाली होती की कंपासपेटी घ्यायला गेली तरी दुकानदाराला सांगायची, "काका, अजून दोन दाखवा. तीन झाल्याशिवाय बाबा घेऊ देत नाही."

आता त्या घरात फ्रीज होता, मिक्सर होता आणि हेडक्लार्क होता. चार महिन्यांपूर्वी बायको बारकीला घेऊन त्याच गावात भावाकडे राहायला गेली होती. का गेली, ते इथे सांगणार नाही. नवराबायकोचं का बिनसलं हे ऐकायला लोकांचे कान टवकारलेले असतात, आणि ऐकून झाल्यावर एकही जण भांडी घासायला येत नाही. एवढंच सांगतो की मारझोड नव्हती, दारू नव्हती आणि तिसरं माणूस नव्हतं. हे कळल्यावर समोरच्या दारातल्या काकूंची फारच निराशा झाली.

"काहीच नाही?" त्यांनी तीनदा विचारलं. "मग गेली कशाला? उगीच?"

बारकी रविवारी यायची. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. हेडक्लार्क शनिवारी फरशी पुसायचा, रविवारी जगायचा आणि सोमवारी पुन्हा टाचण्या मोजायला जायचा. असं चाललं होतं. चांगलं होतं असं म्हणत नाही, पण चाललं होतं.

मग एका मंगळवारी कोर्टाची नोटीस आली. बायकोला नोकरीत बढती मिळाली होती, आणि बढतीबरोबर आठ तासांच्या अंतरावरच्या शहरात बदली. कोर्टाच्या खिडकीवर मिळणारा छापील फॉर्म तिने स्वतःच भरला होता, वकीलबिकील न करता. अल्पवयीन मुलीचा ताबा मिळावा आणि तिला बरोबर नेण्याची परवानगी असावी. सुनावणी वीस तारखेला. हजर न राहिल्यास एकतर्फी निकाल देण्यात येईल. अठरा दिवस होते. हेडक्लार्कने नोटीस दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला घेतली, तेव्हा अक्षरं दिसेनात. आठ तासांवरून रविवारी दहा वाजता कोण येणार?

वकील लागणार हे उघड होतं. कुठला, यावर जिन्यात सभा भरली. हेडक्लार्कने कुणाला बोलावलं नव्हतं. तो नोटीस हातात घेऊन पायरीवर बसला होता एवढाच त्याचा गुन्हा.

"मोठ्या शहरातला आणा," तळमजल्यावरचा दातांचा डॉक्टर म्हणाला. "इथले सगळे वकील एकाच खोलीत बसून डबा खातात. तुमची केस चटणीबरोबर एकमेकांना वाढतील."

"अजिबात नको," काकू म्हणाल्या. "बाहेरचा वकील म्हणजे प्रत्येक तारखेला त्याची गाडी चुकणार. आणि जज्जासमोर उभं राहायला कागदावर गावातल्या वकिलाची सही लागतेच. माझ्या जावेच्या वेळी पाहिलंय ना मी. गावातलाच बघा, पण तोंडाळ बघा."

बिल्डिंगचा वॉचमन खालून म्हणाला, "साहेब, मी चार केसेस हरलोय. अनुभवाने सांगतो, वकील कुणीही करा, शर्ट इस्त्रीचा घालून जा."

या तिघांत वॉचमनचा सल्ला सगळ्यात शहाणपणाचा होता, हे हेडक्लार्कला फार उशिरा कळलं. त्या दिवशी त्याला फक्त एक गोष्ट कळली. तीन माणसं, तीन मतं, म्हणजे तीन कोटेशनं. त्याचा जीव जरा भांड्यात पडला. वकील नेमणं म्हणजे शेवटी खरेदीच. आणि खरेदी त्याला येत होती.

गावात घरगुती खटले घेणारे वकील सात होते. नियम तीनचा, पण मुलीचा प्रश्न, म्हणून त्याने सातही घ्यायचे ठरवले. एक प्रश्नावली केली. ऑफिसात झेरॉक्स मशीन आहे का? तारीख पुढे ढकलण्याचं वार्षिक प्रमाण किती? फोन पहिल्या रिंगला उचलता का? एकूण बावीस प्रश्न. आणि शेवटी विनंती, की आपला प्रस्ताव बंद पाकिटात द्यावा.

पहिला वकील टायरच्या दुकानावर बसायचा. जन्मभर जमिनीचे दावे लढलेला माणूस. मुलीचा ताबा म्हटल्यावर त्याने वही उघडली आणि विचारलं, "सध्या कब्जा कुणाचा? किती वर्षं? मधे कुणी हरकत घेतली होती का?" हेडक्लार्कने सांगितलं की बारकी नऊ वर्षांची आहे. वकील हळहळला. "बारा वर्षांचा कब्जा असता तर आपली बाजू भक्कम होती हो."

दुसरा दोन फोनवर एकदम बोलायचा, आणि हेडक्लार्ककडे बघून मधूनमधून भुवया उडवायचा. अर्धा तास भुवया पाहून हेडक्लार्क खाली उतरला. तिसरे वयस्कर होते, भिंतीवर अर्धा डझन मानपत्रं. त्यांनी डोळे मिटले. "साहेब डोळे मिटून ऐकतात," त्यांचा कारकून अभिमानाने म्हणाला. प्रश्न क्रमांक सहाला साहेब घोरू लागले. "हे पण ऐकण्यातच धरायचं का?" हेडक्लार्कने विचारलं. कारकुनाने बोट ओठांवर ठेवलं.

चौथा तरुण होता, चुणचुणीत, केसांना जेल. त्याने एकही प्रश्न न ऐकता सांगून टाकलं, "बायको वेडी आहे असं लिहू."

"ती वेडी नाहीये."

"तसं कोण म्हणतंय? आपण लिहू म्हणतोय."

"ती माझ्यापेक्षा शहाणी आहे," हेडक्लार्क म्हणाला.

"मग तुम्ही कशाला लढताय?" तरुणाने विचारलं, आणि हेडक्लार्क प्रश्नावलीची घडी घालून तिथून उठला. हा प्रश्न त्याने प्रश्नावलीत घातला नव्हता. पुढेही घातला नाही.

पाचव्या ऑफिसात नवरा-बायको दोघंही वकील. टेबल एक, खुर्च्या दोन. हेडक्लार्क बसला तेव्हा त्यांच्या मुलाला पोहायच्या क्लासला कोण सोडणार यावर वाद चालला होता. पाऊण तासाने तो निघाला तेव्हा वाद आजीपर्यंत पोचला होता आणि मुलगा कोपऱ्यात पोहायचा चष्मा लावून बसला होता. सहाव्याने पहिल्या वाक्यालाच विचारलं, "जामीन झाला का?" त्याच्याकडे फौजदारीशिवाय माणूस येतो यावर त्याचा विश्वासच बसेना. जाताना तो खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "मला सांगायला हरकत नाही. कुठे मारलंत?"

पाकिटाचं ऐकून मात्र जागे असलेले पाचही जण एकसारखे लाल झाले. जमिनीवाला तर उभाच राहिला. "मी काय खुर्च्या विकतो?"

"खुर्च्यांना गॅरंटी तरी असते," हेडक्लार्क म्हणाला. अपमान करायचा त्याचा हेतू नव्हता. तो फक्त वस्तुस्थिती सांगत होता. अशा माणसांचं आयुष्यभर हेच होतं.

सातव्या एक वकीलबाई होत्या. झेरॉक्सच्या दुकानामागचा अरुंद जिना, वर एक खोली, खिडकीत एक वाळलेलं रोप. बाईंनी बावीसच्या बावीस प्रश्न ऐकून घेतले, बाविसांची उत्तरं दिली आणि पाकीट मागितल्यावर ड्रॉवरमधून पाकीट काढून त्यात कागद घालून, डिंक लावून दिलं. हेडक्लार्कचे डोळे भरून यायचे बाकी होते. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आणि मुलगी काय म्हणते?"

"कुठली मुलगी?"

"तुमची. तिला कुणाकडे राहायचंय?"

"ती नऊ वर्षांची आहे हो," हेडक्लार्क म्हणाला. "तिचं काय म्हणणं असणार?"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. हेडक्लार्क मात्र जिना उतरताना हरखून गेला होता. सात जणांत ही एकच बाई, जिला मुलगी आठवली! त्याने तिथेच पायरीवर वही काढून तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला: 'मुलीबद्दल विचारलं का?'

तक्ता त्याने ऑफिसात डब्याच्या सुट्टीत बनवला, ऑफिसच्याच छापील कागदावर, कारण दुसऱ्या कागदावर त्याला विचारच करता येत नसे. पंचवीस रकाने, सात ओळी. शेऱ्यांमध्ये त्याने बावीस वर्षांचा प्रामाणिकपणा ओतला. 'टिकाऊ वाटतात, पण चुकीच्या कामासाठी.' 'बोलतात फार, आपल्याशी नाही.' 'घोरतात.' 'खोटं बोलण्यास तत्पर.' 'स्वतःच्याच वादात व्यग्र, आधी त्यांनाच वकील हवा.' 'सदर गृहस्थांना मी गुन्हेगार वाटलो.' मुलीबद्दलच्या रकान्यात सहा वेळा 'नाही', एकदा 'होय'. खाली शिफारस: 'सातव्या क्रमांकाच्या वकीलबाई सर्व दृष्टींनी उत्तम. प्रस्तुत कामी यांच्याइतकं लायक गावात कुणी नाही. काम यांनाच द्यावं.' आणि त्याखाली, हाताला सवय म्हणून, डोकं न वापरता: 'प्रत – १) सर्व निविदाकार, २) संबंधित पक्ष, ३) कार्यालयीन फाइल.'

कागद त्याने सवयीने जावकच्या ट्रेमध्ये ठेवला आणि आठवडाभराची रजा टाकून तो शाळेत गेला. कोर्टात दाखवायला एक दाखला हवा होता, की पालकसभांना बाप येतो. तो एकूण एक सभेला गेला होता. शाळेचा क्लार्क म्हणाला, अर्जावर दोन्ही पालकांच्या सह्या लागतील. हेडक्लार्क म्हणाला, दुसऱ्या पालकाविरुद्धच दाखला हवाय. क्लार्क म्हणाला, मग तर त्यांची सही पाहिजेच, त्यांना न कळवता कसा देणार? चार चकरांनंतर मुख्याध्यापिकाबाईंनी हजेरीचं रजिस्टर काढून दाखवलं. त्याच्या सगळ्या सह्या होत्या. पण तो सही करताना इतकी वर्षं पुढे 'करिता' लावत आला होता, ऑफिसच्या सवयीने. म्हणजे रेकॉर्डप्रमाणे तो कुणाच्या तरी करिता आला होता. स्वतः एकदाही नाही.

हा अपमान गिळून आठवड्याने तो ऑफिसात आला, तर ट्रे रिकामा.

"इथला कागद कुठंय?" त्याने विचारलं.

जावक कारकून ताठ उभा राहिला. एकोणीस वर्षांपूर्वी हेडक्लार्कनेच त्याला हाताखाली घडवला होता. "पाठवला ना साहेब. तुमचाच नियम आहे, तुलनात्मक तक्ता ट्रेमध्ये एका दिवसावर राहता कामा नये. खुर्च्यांचा तक्ता महिनाभर ट्रेमध्ये पडून राहिला, त्यानंतर तुम्हीच काढला होता. सगळ्यांना प्रती गेल्या, रजिस्टर्डने. पोचपावत्या पण आल्या." आणि त्याने आठ गुलाबी पोचपावत्या पत्त्यांसारख्या पसरल्या.

हेडक्लार्कने मोजल्या. वकील सात होते.

"आठवी कुणाची?"

"संबंधित पक्ष," कारकून म्हणाला. "पत्ता तुमच्या सर्व्हिस बुकातून काढला, वारस म्हणून मॅडमचं नाव आहे ना, तिथून. जुन्या पत्त्यावर त्या नाहीत म्हणून भावाकडचा शोधला." त्याचा चेहरा उजळला होता. त्याला वाटलं आता शाबासकी मिळणार. या देशात काय, कुठल्याही देशात काय, जी माणसं ऑर्डर बरोबर पाळतात त्यांच्याइतकं वाटोळं दुसरं कुणी करत नाही. आणि रागवायचं तरी कुणावर? नियम आपला, सही आपली, चेलाही आपलाच.

हेडक्लार्क धावतच कोर्टात गेला. वकिलांच्या खोलीबाहेर नोटीसबोर्डापाशी गर्दी होती. तक्ता चार टाचण्यांनी लावला होता. त्याने त्या टाचण्या लगेच ओळखल्या, गेल्या वर्षी त्यानेच पास केलेला माल होता. वकील एकमेकांचे शेरे मोठ्याने वाचत होते, आणि प्रत्येक जण स्वतःचा सोडून बाकी सगळे शेरे अचूक आहेत असं म्हणत होता. घोरणारे साहेब टक्क जागे होते. नवरा-बायको वकील कित्येक दिवसांत पहिल्यांदा एका बाजूने बोलत होते. या वकिलांचं आजवर चहाच्या वेळेवरसुद्धा एकमत झालं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी पाच मिनिटांत एकमुखाने ठराव केला, की या इसमाचं वकीलपत्र गावातला कुणीही घेणार नाही, आणि बाहेरून कुणी आलाच तर त्याच्या कागदावर गावातलं कुणी सही करणार नाही.

"आलात?" जमिनीवाला त्याला पाहून म्हणाला. "या. खुर्चीवर बसा. गॅरंटीची आहे."

हेडक्लार्क बसला नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. कुणीही म्हणजे सहा जण. सातवी बाकी होती. बाईंनी तर त्यात रागवण्यासारखं काही वाचलं नसणार! तो झेरॉक्सच्या दुकानामागचा जिना तीन-तीन पायऱ्या एकदम चढला. खिशात नेमणुकीचं पत्र होतं. बाई टेबलाशी होत्या. समोर फाइल.

"मी तुम्हाला पहिला क्रमांक दिला," तो धापा टाकत म्हणाला.

"माहिती आहे. वाचलं." बाई खुर्चीत जरा मागे सरकल्या. "बसा. तुम्हाला कसं सांगू कळत नाहीये. कालच मी वकीलपत्र घेतलं. तुमच्या मिसेसचं."

"तिला वकील नव्हता!"

"नव्हता. त्या म्हणाल्या, कसा शोधायचा काही सुचत नव्हतं. मग पोस्टाने हा आला." आणि बाईंनी फाइलमधून तक्ता काढला. शिफारशीखाली पेन्सिलीने रेघ होती. रेघ बायकोची होती, ते त्याने ओळखलं. ती अशीच हलकी, पट्टी न लावता रेघ मारायची, आणि त्यावरून घरात किती वेळा बोलणं झालं होतं.

"पण मी आधी आलो होतो. मी तुम्हाला सगळं सांगितलं."

"तुम्ही मला काहीही सांगितलं नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही विचारत होतात. माझं झेरॉक्स मशीन कुठल्या साली घेतलं ते तुम्हाला माहिती आहे. तुमच्या केसमधलं मला एक अक्षर माहिती नव्हतं. मी एकच प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर तुम्ही दिलं नाहीत."

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. शेजारच्या गावातल्या दोन वकिलांनी सहीचं कळल्यावर फोन ठेवले. दातांचा डॉक्टर म्हणाला, "मी सांगत होतो, शहरातला आणा." काकू म्हणाल्या, "मी सांगत होते, तोंडाळ बघा." म्हणजे प्रत्येकाचं म्हणणं खरं ठरलं आणि सगळे खूश झाले. आपल्याकडे माणूस बुडाला की त्याच्यापेक्षा काठावर बोट दाखवणाऱ्यांची सोय आधी होते.

वीस तारखेला हेडक्लार्क इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात गेला. खिडकीवरच्या बाईने विचारलं, "वकील?" तो म्हणाला, "स्वतः." तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर स्वतःचं ऑपरेशन स्वतः करायला निघालेल्या माणसाकडे पाहील. "सही करा. आणि 'करिता' लावू नका," ती म्हणाली. हे तिला कसं कळलं देव जाणे. बहुधा गावभर झालं होतं.

कोर्टाची खोली लहान होती. पंखा एका बाजूला झुकलेला, भिंतीला ओल. जज्जसाहेबांपुढे त्या दिवशी अडतीस खटले होते आणि हा एकतिसावा. हेडक्लार्कने चौदा पानं लिहून नेली होती. पहिल्या पानाच्या तिसऱ्या ओळीवर जज्जसाहेब म्हणाले, "थोडक्यात."

बावीस वर्षांत त्याला कुणी थोडक्यात सांगायला लावलं नव्हतं. त्याने चौदा पानं खाली ठेवली. रविवारी बारकी आली की दाराची बेल दोनदा वाजवते, एकदा लहान, एकदा लांब. हे थोडक्यात कसं सांगायचं? कुठल्या रकान्यात?

"साहेब, या वकीलबाईंबद्दल माझी हरकत आहे," तो शेवटी म्हणाला. "मी आधी यांच्याकडे गेलो होतो."

बाई उठल्या. "साहेब, या गृहस्थांचं माझ्याबद्दलचं लेखी मत रेकॉर्डवर आहे." आणि त्यांनी तक्ता पुढे सरकवला. वाचताना त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "'प्रस्तुत कामी यांच्याइतकं लायक गावात कुणी नाही. काम यांनाच द्यावं.' खाली सही यांची आहे."

"सही तुमची?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"हो."

"मग हरकत कसली?" मागच्या बाकावर बसलेले सहा वकील एका सुरात खोकले. जज्जसाहेबांनी तक्त्यावरून नजर फिरवली. "हा शेवटून दुसरा रकाना काय आहे? मुलीबद्दल विचारलं का?"

हेडक्लार्क एक पाऊल पुढे आला. "हो साहेब. बघा ना. सहा जणांनी विचारलंच नाही. एवढं ताब्याचं काम, आणि मुलीबद्दल एका शब्दानं कुणी विचारत नाही!"

"हं," जज्जसाहेब म्हणाले. "असंबद्ध आहे." कागद खाली ठेवला आणि ऑर्डर सांगायला लागले. त्यांनीही विचारलं नाही. पुढे सात खटले होते आणि जेवायची वेळ झाली होती.

अल्पवयीन मुलगी आईकडे राहील. आईला तिला बाहेरगावी नेण्यास परवानगी. वडिलांना महिन्यातून एका शनिवारी, दोन तास, कोर्टाच्या भेटीच्या खोलीत, कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली. एकतिसावा खटला अकरा मिनिटांत संपला. ऑफिसात झाडू घ्यायला सहा आठवडे लागतात.

बाहेर व्हरांड्यात बायको उभी होती. जिंकल्यासारखी दिसत नव्हती. थकलेली दिसत होती.

"मला वाटलं, तू मुद्दाम पाठवलास," ती म्हणाली. "मला मदत म्हणून."

"चुकून गेला."

"अच्छा." तिने खांद्यावरची पिशवी सावरली. "पण चांगली निवडलीस. तुझे तक्ते चुकत नाहीत. फ्रीज अजून चालतोय ना?"

"चालतोय," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पहिला शनिवार आला. भेटीची खोली म्हणजे रेकॉर्ड रूमचा अर्धा भाग, मधे प्लायवूड. एक टेबल, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक डोकं नसलेली बाहुली. दाराशी एक शिपाईबाई रजिस्टर घेऊन बसलेली. बायको बारकीला सोडून बाहेर गेली. आठ तास बसमधून आल्यामुळे बारकीच्या गालावर खिडकीच्या दांडीचा वळ उठला होता. तिने दारावर टकटक केलं, एकदा लहान, एकदा लांब. बेल नव्हती ना.

हेडक्लार्कने तीन खेळ आणले होते. टेबलावर ओळीने मांडले. बारकीने तिन्हींकडे नीट पाहिलं, सवयीप्रमाणे खोकी उलटी करून मागचं वाचलं, आणि एकही उचलला नाही.

"आवडले नाहीत?"

"आवडले." ती बाहुलीच्या मानेतल्या भोकात बोट घालत होती. "बाबा, कोर्टात सगळ्यांना विचारलं का?"

"कुणाला?"

"सगळ्यांना. कुणाकडे राहायचं ते."

"विचारलं की. आईला विचारलं, मला विचारलं. वकील होते. जज्ज होते."

"मला नाही विचारलं."

 हेडक्लार्कला सहा 'नाहीं'चा तो रकाना डोळ्यांपुढे दिसला, लाल शाईने आखलेला. केवढा राग होता त्या सहांवर!

"कंपासपेटीला पण तू मला तीन दाखवतोस," बारकी म्हणाली. ती रडत नव्हती. तक्रारही करत नव्हती. तो ऑफिसात जशी वस्तुस्थिती सांगायचा तशी सांगत होती, अगदी त्याच्याच आवाजात. "इतके रविवार मी आले. तू विचारलंच नाहीस."

प्लायवूडच्या पलीकडे कुणीतरी फायलींचा गठ्ठा आपटला. धूळ उडाली.

"मग सांग आता," तो कसाबसा म्हणाला. "तुला काय वाटतं?"

बारकीने त्याच्याकडे पाहिलं. कीव करावी तसं पाहिलं. "आता कशाला? ऑर्डर निघाली ना." मग तिने समजूत घालावी तसं एक खोकं पुढे ओढलं. "चल. हा खेळू. दोन तासांतली पंचवीस मिनिटं गेली."

ते खेळले. ती जिंकली. बरोबर दोन तासांनी शिपाईबाईने घड्याळ दाखवलं आणि बायको दारात आली. बारकी जाताना दोनदा वळली. एकदा थोडं, एकदा पुष्कळ.

"इथं सही करा," शिपाईबाईने रजिस्टर पुढे केलं. "आल्याची वेळ, गेल्याची वेळ. इथं नातं. आणि हा शेवटचा शेऱ्याचा रकाना, काही लिहायचं असेल तर."

हेडक्लार्कने आल्याची वेळ लिहिली, गेल्याची वेळ लिहिली. नात्यापुढे 'वडील' लिहिलं. सही करताना 'करिता' लावलं नाही. मग पेन शेऱ्याच्या रकान्यावर टेकवून तो उभा राहिला. बावीस वर्षांत त्याने हा रकाना एकदाही कोरा सोडला नव्हता.

"लिहा हो पटकन," शिपाईबाई म्हणाली. "खोली बंद करायचीय."

त्याने पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर तसंच परत केलं.